यादवीच्या काळातला धर्म: ठाण्याच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या इतिहासाच्या कट्ट्यावर गेले सहा महिने एकच विषय चालू आहे: सतराव्या शतकातली इंग्लंडमधली यादवी, आणि सगळ्या देशाने एकाच पद्धतीने देव भजावा या हट्टाचं त्या यादवीत काय झालं. दर बैठकीला चार नवीन माणसं येतात, पहिल्या अर्ध्या तासात तेच प्रश्न निघतात आणि चहा गार होतो. म्हणून हे लिहून ठेवलंय. उत्तरं माझी आहेत. कट्ट्यावर सगळ्यांना ती पटतात असं अजिबात नाही, क्रॉमवेलबद्दलची (पार्लमेंटचा सेनापती, पुढे राजाविना देशाचा सर्वेसर्वा) तर नाहीच.

ठाण्यात बसून इंग्लंडच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय?

पहिल्याच दिवशी एका काकांनी हे विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत बटाटेवडा आणायला गेले. ते परत आल्यावर जे सांगितलं तेच इथे सांगतो. आपल्या राज्यघटनेचं 25 वं कलम उघडा. 'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य' असे शब्द तिथे आहेत. 1640 च्या दशकात लंडनच्या गल्ल्यांत, छावण्यांत आणि दोन-दोन पेन्यांच्या पत्रकांत ज्या मागणीवरून रणं माजली, ती याच शब्दांची. हे शब्द रक्त सांडून, शिव्या खाऊन कसे रुळले ते बघण्यासारखं आहे.

दुसरं कारण घराजवळचं. मुंबई इंग्रजांच्या हाती आली ती याच माणसांच्या पिढीत. त्याबद्दल पुढे येईलच.

थोडक्यात झालं काय?

राजा पहिला चार्ल्स एका बाजूला, पार्लमेंट दुसऱ्या बाजूला. 22 ऑगस्ट 1642 ला राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारलं. मध्ये खंड पडत लढाया 1651 पर्यंत चालल्या. स्कॉटलंड आणि आयर्लंड त्यात सुरुवातीपासून ओढले गेले होते. 30 जानेवारी 1649 ला राजाचा शिरच्छेद झाला (शिवाजी महाराज तेव्हा अठरा वर्षांचे होते, हे सांगितलं की कट्ट्यावर सगळ्यांना काळाचा अंदाज येतो). मग अकरा वर्षं राजाविना गेली आणि 1660 मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स परत आला.

'गृहयुद्ध' हा शब्द चालतो, पण मी मुद्दाम 'यादवी' म्हणतो. लव्हाळ्याचं मुसळ करून आपल्याच माणसाच्या डोक्यात घालणं हे त्या शब्दात आपोआप येतं. इंग्लंडमध्ये भाऊ भावाविरुद्ध आणि बाप मुलाविरुद्ध उभे राहिले होते.

सगळे ख्रिस्तीच होते ना? मग भांडण कशाचं?

सगळे ख्रिस्ती होते, म्हणूनच भांडण कडू होतं. आपल्याकडे गंध उभं लावायचं की आडवं यावरून पंक्ती वेगळ्या झाल्याच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या असतील, तर हे कळायला जड जाणार नाही.

इंग्लंडच्या चर्चने रोमच्या पोपशी संबंध तोडला तो 1534 मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात. तेव्हापासून चर्चचा मुख्य राजा. पण चर्च आतून किती बदलायचं यावर एकमत कधीच झालं नाही. प्युरिटन मंडळींना वाटायचं, जुन्या कॅथलिक वळणाचं अजून बरंच शिल्लक आहे, ते खरवडून काढा. त्यांच्यातही फाटे होते. प्रेस्बिटेरियनांना बिशप नकोत, पण देशभर एकच शिस्तबद्ध चर्च हवं. इंडिपेंडंटांचं म्हणणं, प्रत्येक मंडळीने आपलं आपण ठरवावं. बाप्टिस्ट म्हणत, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देऊन काय उपयोग, त्याला काय कळतंय? क्वेकर आले सगळ्यांत शेवटी, 1650 च्या सुमारास. त्यांना पाद्रीच नको होते. कोणापुढे टोपी काढायचीही त्यांची तयारी नव्हती.

साध्या माणसाला हे सगळं दिसायचं ते लाकडाच्या एका मेजात. प्रभुभोजनाचं मेज देवळाच्या मध्यावर ठेवायचं की पूर्वेच्या भिंतीला लावून, भोवती कठडा घालायचा? 1633 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या विल्यम लॉडने भिंतीला लावा असं फर्मावलं. गावोगावच्या लोकांना त्या कठड्यात पोपचा हात दिसला. युद्धाच्या तोंडावर सैनिकांनी कितीतरी ठिकाणचे कठडे उखडून शेकोट्या केल्या.

चर्चला गेलं नाही तर खरंच दंड व्हायचा?

हो. 1559 च्या कायद्याप्रमाणे रविवारी आपल्या गावच्या चर्चमध्ये हजर राहिलं नाही तर 12 पेन्स, म्हणजे एक शिलिंग. साध्या मजुराच्या एका दिवसाच्या कमाईहून जास्त. 1581 मध्ये हट्टी कॅथलिकांसाठी तो महिन्याला 20 पौंड झाला. एवढ्यात बरी शेतीवाडी असलेलं घरही धुऊन निघे.

हजेरी लावा, मनात काय ते तुमचं तुम्ही बघा, असा त्यामागचा हिशेब होता. एलिझाबेथ राणीच्या कारभाराला मनात डोकावण्याची फारशी हौस नव्हती. लॉडला होती. 1637 मध्ये त्याच्या विरोधात लिहिणाऱ्या तिघांचे (प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक: एक वकील, एक पाद्री, एक डॉक्टर) भर चौकात कान कापले. प्रिनचे कान आधी एकदा कापून झाले होते, उरलेले बुंधे या वेळी छाटले. गर्दी हळहळत उभी होती. त्या दिवशी लॉड जिंकला असं त्याला वाटलं असेल, पण जनता त्याच्या हातून गेली ती तिथे.

म्हणजे हे धर्मयुद्धच होतं का?

या प्रश्नावर आमची एक अख्खी बैठक गेली. पैसा होताच: पार्लमेंटला न विचारता राजाने वसूल केलेला जहाजकर, अकरा वर्षं न बोलावलेलं पार्लमेंट. पण ठिणगी पडली ती प्रार्थनेच्या पुस्तकावरून. जुलै 1637 मध्ये एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये राजाने पाठवलेलं नवीन प्रार्थनापुस्तक वाचायला सुरुवात झाली आणि बायकांनी बसायचे स्टूल पाद्र्याच्या अंगावर भिरकावले. पुढच्या फेब्रुवारीत, आमच्या धर्मात ही ढवळाढवळ चालणार नाही अशा करारावर स्कॉट लोकांनी सह्या केल्या. त्यांच्याशी लढायला पैसा हवा म्हणून राजाला 1640 मध्ये पार्लमेंट बोलवावंच लागलं. 1641 च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला, तिथल्या कत्तलींच्या खऱ्या-खोट्या बातम्यांनी लंडन पेटलं, आणि आयर्लंडवर पाठवायची फौज राजाच्या हातात द्यायला पार्लमेंट धजेना. राजाची राणी कॅथलिक होती, तिचं स्वतंत्र प्रार्थनाघर होतं. संशयाला एवढं पुरेसं होतं.

पार्लमेंट जिंकल्यावर तरी मोकळीक मिळाली असेल?

नाही. इथेच नवीन माणसं चकतात. राजा जुलमी म्हणजे त्याच्याविरुद्ध लढणारे उदार, हे गणित आपण शाळेतून घेऊन येतो.

सप्टेंबर 1643 मध्ये स्कॉटलंडची फौज मदतीला हवी म्हणून पार्लमेंटने त्यांच्याशी धर्माचा करार केला. मदतीची किंमत अशी, की तिन्ही राज्यांत धर्म शक्यतो एकसारखा करायचा. लॉडची सक्ती गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. जानेवारी 1645 मध्ये जुनं प्रार्थनापुस्तक बंद झालं, नवीन नियमावली आली. त्याच महिन्यात लॉडचं डोकं उडवलं. राजाच्या बाजूचे किंवा जुन्या वळणाचे कितीतरी पाद्री आपल्या गावातून हाकलले गेले. विल्यम डाउसिंग नावाचा गृहस्थ 1643-44 मध्ये पूर्व इंग्लंडच्या चर्चांमधून फिरून मूर्ती आणि रंगीत काचा फोडत होता. कुठे किती फोडलं याची त्याने रोजनिशी लिहिली आहे, किराण्याच्या वहीसारखी.

मे 1648 चा वटहुकूम तर लॉडच्याही पुढे गेला: त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारलं तर मृत्युदंड. प्रत्यक्षात तो जवळजवळ वापरला गेला नाही, कारण तोवर सूत्रं लष्कराच्या हातात जात होती.

नाताळवर बंदी घातली होती हे खरं का?

खरं. 1647 च्या जूनमध्ये नाताळ, ईस्टर वगैरे सण कायद्याने रद्द झाले, कारण बायबलमध्ये त्यांना आधार नाही. त्या डिसेंबरात कँटरबरीत दुकानं उघडी ठेवायची सक्ती झाली तेव्हा लोकांनी दंगल केली आणि काही काळ शहरच ताब्यात घेतलं. क्रॉमवेलने मिन्स पाय (नाताळातला खास पदार्थ) खाण्यावर बंदी घातली ही मात्र लोणकढी. दहीहंडीच्या थरांवरचे निर्बंध आठवून आमच्याकडे या प्रश्नावर फार हशा होतो. पण सण बंद करायला गेलेलं सरकार एरवी गप्प बसणाऱ्या माणसालाही रस्त्यावर आणतं, हे तिथे दिसलं.

मग सहिष्णुता आली कुठून?

माझ्या मते, तोफखान्यातून. हे उत्तर काही जणांना रुचत नाही, त्यांना ती तत्त्वज्ञांकडून आलेली हवी असते. पण घटनाक्रम बघा.

मार्च 1644. पार्लमेंटच्या फौजेतल्या क्रॉफर्ड नावाच्या स्कॉट सेनाधिकाऱ्याने एका हाताखालच्या अधिकाऱ्यावर कारवाई केली, कारण तो बाप्टिस्ट वळणाचा होता. क्रॉमवेलने त्याला खरमरीत पत्र लिहिलं. आशय असा: राज्य आपल्या कामाला माणसं निवडतं तेव्हा त्यांची मतं बघत नाही, ती निष्ठेने सेवा करायला तयार असली की झालं. यात उदारपणा किती आणि गरज किती, हे ज्याने त्याने ठरवावं. चांगला लढणारा माणूस हवा होता, आणि चांगले लढणारे बरेचसे नेमके या पंथवाल्यांतच होते. 1645 मध्ये नवी फौज उभी राहिली तेव्हा तिच्यात सैनिकच प्रवचनं करू लागले. प्रेस्बिटेरियन पाद्र्यांचा जळफळाट झाला.

14 जून 1645 ला नेसबीची लढाई जिंकल्यावर क्रॉमवेलने त्याच दिवशी पार्लमेंटला पत्र लिहिलं. शेवटी पुस्ती जोडली की या प्रामाणिक माणसांनी जीव धोक्यात घातलाय, त्यांना सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी तुमच्यावर विसंबू द्या. कॉमन्स सभेने पत्र छापलं आणि तेवढाच परिच्छेद गाळला! त्याच वर्षी ब्रिस्टल जिंकल्यावरच्या पत्राचंही तेच केलं. विजय हवा होता, विजय मिळवून देणाऱ्यांचं म्हणणं नको होतं. पुढे फौज आणि पार्लमेंट यांचं फाटलं त्याची कितीतरी कारणं सांगतात, पगाराची थकबाकी त्यात आहेच, पण मला ते गाळलेले परिच्छेद आधी आठवतात.

तत्त्वज्ञान नव्हतं असं नाही. रॉजर विल्यम्स हा माणूस अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेला. म्हणजे इंग्लंडमधल्या छळाला कंटाळून समुद्रापार गेलेल्यांनी त्याला तिथून हाकललं. 1644 मध्ये लंडनला येऊन त्याने छापलं की राज्याने कोणाच्याही श्रद्धेला हात लावू नये, मग तो ज्यू असो, तुर्क असो, मूर्तिपूजक असो की कॅथलिक. पार्लमेंटने ते पुस्तक जाळायचा हुकूम दिला. तोवर तो तिकडच्या ऱ्होड आयलंड वसाहतीची सनद खिशात घालून परतीच्या वाटेला लागला होता.

कवी मिल्टनने तर स्वातंत्र्यावर केवढं लिहिलंय!

लिहिलंय, आणि सुंदर लिहिलंय. नोव्हेंबर 1644 मध्ये छापखान्यावरच्या परवानापद्धतीविरुद्ध त्याने जे पत्रक काढलं ते आजही वाचावं. फक्त शेवटाकडे एक वाक्य येतं: ही मोकळीक कॅथलिकांना नाही. कट्ट्यावर इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई दर वेळी या वाक्यावर उसासा टाकतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. त्या काळात जवळजवळ प्रत्येकाने सहिष्णुता मागितली ती स्वतःच्या अंगणापुरती, आणि कुंपण घातलं ते शेजाऱ्याच्या दारासमोर. कोण किती उदार होता हे मोजायचं असेल तर त्याचं कुंपण कुठे होतं ते बघायचं. विल्यम्सचं सगळ्यांत लांब होतं.

क्रॉमवेल सहिष्णू होता की कसाई?

सप्टेंबर 1649 मध्ये ड्रोहेडाचा किल्ला पडल्यावर त्याच्या फौजेने शरण आलेल्यांनाही कापलं, सापडलेल्या पाद्र्यांना मारलं. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका आयरिश शहराच्या किल्लेदाराला त्याने कळवलं: मी कोणाच्या मनातल्या श्रद्धेत ढवळाढवळ करत नाही, पण मासची (कॅथलिकांच्या प्रार्थनाविधीची) मोकळीक म्हणत असाल तर ती पार्लमेंटची सत्ता आहे तिथे मिळणार नाही. मन मोकळं, पण देवासमोर हात जोडायचे नाहीत.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर 1650 मध्ये गावच्या चर्चला न जाण्याचा दंड रद्द झाला. कुठेतरी, कोणत्याही मंडळीत रविवारी प्रार्थना केली की पुरे. नव्वद वर्षांची सक्ती गेली. डिसेंबर 1653 च्या राज्यघटनेत, येशूवर श्रद्धा ठेवणाऱ्यांना संरक्षण दिलं, 'पोपगिरी' आणि 'बिशपगिरी' वगळून.

आणि 1656 चं जेम्स नेलरचं प्रकरण. हा क्वेकर ब्रिस्टलमध्ये घोड्यावर बसून शिरला, भोवती बायका 'पवित्र, पवित्र' म्हणत चिखलात कपडे अंथरत होत्या. येशूच्या यरुशलेम प्रवेशाची नक्कल. पार्लमेंटने दहा-बारा दिवस दुसरं काही केलं नाही, फक्त या एका माणसावर वाद घातला. मृत्युदंड 96 विरुद्ध 82 मतांनी टळला. त्याऐवजी फटके, तापल्या सळीने जिभेला भोक आणि कपाळावर 'बी' (ब्लास्फेमर, म्हणजे ईश्वरनिंदक) अक्षराचा डाग. ही शिक्षा तुम्ही कोणत्या अधिकारात दिली, असं क्रॉमवेलने पत्राने विचारलं. पण शिक्षा थांबवली नाही.

माझं मत: आपल्या फौजेतल्या माणसांइतपत तो सहिष्णू होता. कट्ट्यावरचा एक स्पर्धा परीक्षेचा मुलगा म्हणतो, मी अन्याय करतोय, त्या काळाच्या मानाने तो पुढे होता. आयर्लंडमध्ये हे वाक्य म्हणून दाखव, एवढंच मी त्याला सांगितलंय.

ज्यूंना परत येऊ दिलं ते कोणी?

हा ठाण्यातला खास प्रश्न, कारण आपल्या सिव्हिल हॉस्पिटलजवळचं 1879 चं सिनेगॉग सगळ्यांनी येता-जाता पाहिलेलं असतं आणि शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल शेजारी कोणाच्या ना कोणाच्या वर्गात असतात.

इंग्लंडने 1290 मध्ये सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं होतं. 1655 मध्ये ॲमस्टरडॅमचे रब्बी मेनासे बेन इस्राएल लंडनला आले. क्रॉमवेलने डिसेंबरात व्हाइटहॉलला परिषद भरवली. व्यापारी बिथरले, पाद्री बिथरले, आणि क्रॉमवेलने निर्णय न घेताच परिषद गुंडाळली. पण मधल्या मध्ये न्यायाधीश सांगून गेले होते की ज्यूंनी राहू नये असा कायदाच नाही, 1290 चा होता तो राजाचा हुकूम. पुढच्या वर्षी रोब्लेस नावाच्या व्यापाऱ्याचा माल स्पॅनिश म्हणून जप्त झाला. मी स्पॅनिश नाही, ज्यू आहे, असं त्याने सांगितलं आणि माल परत मिळाला. त्यानंतर लंडनमध्ये एका भाड्याच्या घरात प्रार्थना सुरू झाली, 1657 मध्ये दफनभूमीला जागा मिळाली. कोणतीही घोषणा नाही, राजपत्र नाही. सरकारने दुसरीकडे बघितलं, एवढंच. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत इंग्रजी प्रसंग वाटतो.

त्याच काळात ठाण्यात काय चालू होतं?

ठाणं पोर्तुगीजांकडे होतं आणि 1737 मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत राहिलं. गोव्यात 1560 मध्ये आलेल्या इन्क्विझिशनचा (पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाचा) अंमल वसई-ठाण्याच्या पट्ट्यावरही चाले. म्हणजे एकाच धर्माची सक्ती कशी असते ते शिकायला इथल्या माणसाला लंडनला जायची गरज नव्हती.

गंमत पुढे आहे. 1661 च्या, पोर्तुगीज राजकन्येशी लग्नाच्या तहात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, 1665 मध्ये ताबा आला. तिथल्या कॅथलिक रहिवाशांना आपला धर्म पाळता येईल असं तहातच कबूल केलेलं होतं. आणि लंडनमध्ये? 1662 चा एकरूपतेचा कायदा! सुमारे 2000 पाद्र्यांना आपली जागा सोडावी लागली, पाचांहून जास्त बाहेरच्या माणसांनी घरात मिळून वेगळी प्रार्थना केली तर 1664 पासून गुन्हा. त्याच राजाच्या राज्यात माहीमचा कॅथलिक मोकळा आणि बेडफर्डचा बाप्टिस्ट जॉन बन्यन बारा वर्षं तुरुंगात.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्याबद्दलही नेहमी विचारतात. मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे हे इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे पाद्री) यादवीच्या आधीचे. ते 1579 मध्येच गोव्यात आले. पण त्यांनी इंग्लंड सोडलं ते कॅथलिकांवरच्या याच सक्तीच्या दिवसांत, त्यांचा जिवलग मित्र तुरुंगात पडला होता. दंडाचा तो शिलिंग नसता तर मराठीला ते पुराण मिळालं असतं का, हा माझा आवडता रिकामटेकडा प्रश्न. फक्त एक लक्षात ठेवा: त्यांची कर्मभूमी साष्टी म्हणजे गोव्यातली साष्टी. आपलं ठाणं ज्या साष्टी बेटावर आहे ती वेगळी. इंटरनेटवर या दोन साष्ट्यांची खिचडी सर्रास सापडते.

शेवटी कायदा झाला का?

1689 मध्ये. राजाच्या चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांना (पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांना) वेगळी प्रार्थनाघरं चालवता येतील, मात्र प्रार्थनेच्या वेळी दाराला कडी लावायची नाही, अशी अट. कॅथलिक आणि त्रैक्य न मानणारे बाहेरच. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायला 1829 उजाडलं, ज्यूंना 1858.

या सगळ्यात बायका कुठे होत्या?

स्टूल फेकताना दिसल्याच. पण मला सांगायचंय ते मेरी फिशरबद्दल. यॉर्कशरमधली मोलकरीण, क्वेकर झाली. डिसेंबर 1653 मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांशी धर्मावर वाद घातला म्हणून तिला आणि तिच्या सोबतिणीला उघड्या पाठीवर फटके मारले. 1656 मध्ये ती बोस्टनला पोचली, तिथल्या प्युरिटनांनी तिची पुस्तकं जाळली, तिला कोंडलं आणि जहाजाने परत पाठवलं. मग 1658 मध्ये ती निघाली तुर्कस्तानच्या सुलतानाला देवाचा निरोप द्यायला, शेवटचा बराच टप्पा पायी. एड्रियनोपलच्या छावणीत चौथ्या मेहमतने तिला वकिलाच्या इतमामाने भेट दिली, तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वाटेत सोबतीला माणसं देऊ का असं विचारलं. ती नको म्हणाली आणि एकटी परतली.

हा प्रसंग सांगून झाला की कट्ट्यावर हमखास कोणीतरी विचारतं, मग सगळ्यांत सहिष्णू सुलतानच का? एका भेटीवरून साम्राज्याला प्रमाणपत्र देऊ नये, असं मी म्हणतो. पण तिच्या पाठीला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते उघड आहे.

बैठकीला यायला काही वाचून यावं लागतं का?

नाही. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला या. पुढच्या वेळी नेसबीचं पत्र दोन्ही रूपांत वाचणार आहोत, छापलेलं आणि न छापलेलं. चहा आमच्याकडे, वडे काका आणतात.